कुलूप लागेना, पत्र जाईना

मुलांनो, शहादा तालुक्यातल्या सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "बाई, माझ्या ताईनं तिच्या कॉलेजला ई-मेल पाठवली. चार तासांनी एक भलीमोठी इंग्रजी ई-मेल तिलाच आली. त्यात टीएलएस असं काहीतरी होतं. ताई म्हणाली, नेट बिघडलं. पण नेट तर चालू होतं! मग बिघडलं काय?"

शाबास! प्रश्न विचारावा तर असा. नेट चालू असताना ताईला ती इंग्रजी ई-मेल आली, म्हणजे नेट बिघडलेलं नव्हतंच. बिघडलं होतं ते कुलूप. आज आपण त्या कुलपाच्या मागे लागू या. विषय जरा अवघड आहे, पण तुम्ही सापशिडी खेळताना नव्याण्णववरून खाली आलात तरी डाव सोडत नाही ना? मग झालं तर!

आधी पोस्टकार्ड आठवा. आजीला विचारा, ती सांगेल. पोस्टकार्ड स्वस्त, पण उघडं. पोस्टमनकाकांनी वाचलं, शेजारच्या काकूंनी वाचलं, मग आपल्या हातात आलं! ई-मेल जन्माला आली ती अशीच, पोस्टकार्डासारखी. एका संगणकानं दुसऱ्या संगणकाला पत्र कसं द्यायचं याचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं लिहून काढले. त्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. आजही जगभरची ई-मेल मुळात त्याच नियमांनी चालते. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईला जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईचं आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ लागली. सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्हीएसएनएल कंपनीकडून. तेव्हा या पत्रांना कुलूप नव्हतं. वाटेतल्या कुणीही वाचावं आणि पुढे सरकवावं.

कुलूप आलं जानेवारी १९९९ मध्ये. त्याचं नाव स्टार्टटीएलएस. नाव लांबलचक आहे खरं, पण अर्थ सोपा: "चला, आता कुलूप लावून बोलू या."

हे होतं कसं? तुम्ही ई-मेल पाठवली की ती तडक मैत्रिणीच्या फोनमध्ये जात नाही. आधी तुमच्या टपालघरात जाते. ते टपालघर म्हणजे मेल सर्व्हर, दिवसरात्र चालू असणारा एक संगणक. तो मैत्रिणीच्या सर्व्हरचा दरवाजा ठोठावतो. दरवाजाला नंबर आहे, २५. मग दोघांत असं बोलणं होतं:

"२२०. या, मी तयार आहे."

"एहलो. मी अमुक सर्व्हर."

"२५०. नमस्कार. मला या या गोष्टी येतात. मोठी पत्रं घेता येतात, स्टार्टटीएलएस येतं..."

"स्टार्टटीएलएस!"

"२२०. करा सुरू."

'एहलो' हे काय, असं वाटलं ना? सुरुवातीच्या नियमांत हुकूम चार अक्षरांचे ठेवले होते, म्हणून इंग्रजी 'हॅलो'मधला एक एल उडाला! पुढे नियम वाढले तेव्हा त्याच चार अक्षरांतली पहिली दोन उलटी करून 'एहलो' केलं. मोठी माणसंसुद्धा अशी गंमत करतात बरं का. आकड्यांनाही अर्थ आहे. दोननं सुरू होणारा आकडा म्हणजे ठीक. चारनं सुरू होणारा म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळानं या. पाचनं सुरू झाला की कायमचा नकार. ताईला आलेल्या त्या इंग्रजी ई-मेलमध्ये हा तीन आकडी नंबर असतोच. घाबरून ती पुसून टाकण्याआधी तो नंबर शोधायचा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं. आमच्याकडे तर मोठी माणसंसुद्धा इंग्रजी दिसलं की आधी डिलीट करतात आणि मग विचारतात, काय झालं असेल हो?

आता 'करा सुरू' म्हटल्यावरची तीन पावलं महत्त्वाची. घोटाळे होतात ते इथेच.

पहिलं पाऊल भाषेचं. धडगावकडच्या शाळेत पहिलीच्या वर्गात नवीन गुरुजी गेले, त्यांना फक्त मराठी येते आणि मुलांना फक्त पावरी, तर कसं व्हायचं? दोघांना येणारी एक तरी भाषा हवी. सर्व्हरांचंही तसंच आहे. टीएलएसची पहिली आवृत्ती १९९९ची, १.२ ही २००८ची, १.३ ही २०१८ची. जुन्या १.० आणि १.१ या आवृत्त्यांत कच्चे दुवे सापडले, म्हणून मार्च २०२१ मध्ये त्या रीतसर निवृत्त केल्या. पण एखाद्या कपाटात पंधरा वर्षांपूर्वीचा सर्व्हर धूळ खात चालूच असतो. त्याला जुनी भाषाच येते. समोरचा नवा सर्व्हर म्हणतो, ती भाषा मी आता बोलत नाही. संपलं बोलणं! याला उपाय एकच, जुन्या सर्व्हरला नवी भाषा शिकवणं. काही लोक उलटं करतात, नव्यालाच जुनी कच्ची भाषा बोलायला लावतात. मला ते मुळीच पटत नाही.

दुसरं पाऊल किल्लीचं. वाटेत कुणी कान लावून बसलेला असताना दोघांनी एकच गुप्त किल्ली ठरवायची कशी? हे कोडं १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोघांनी सोडवलं. दोघंही उघड उघड आकडे बोलतात, पण प्रत्येकानं एक आकडा मनात ठेवलेला असतो. उघड आणि मनातला यांची गणितं करून दोघांकडे एकच उत्तर येतं, ऐकणाऱ्याला मात्र ते काढता येत नाही. गणिताचा कंटाळा येणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि तिसरं पाऊल ओळखीचं. इथे आपण जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त गाड्या अडकतात त्या याच फाटकात.

समजा, तुमचा वर्गमित्र सुरतला राहायला गेला. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. त्यावर मुख्याध्यापकांची सही असते. पण तिकडच्या शाळेनं आपल्या मुख्याध्यापकांना कुठे पाहिलंय? म्हणून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या दाखल्यावर वरच्या शिक्षणाधिकाऱ्यांचीही सही घेतात. एकाची ओळख दुसरा देतो, दुसऱ्याची तिसरा. सर्व्हरचं सर्टिफिकेट अगदी असंच असतं. "हा सर्व्हर खरंच अमक्या संस्थेचा आहे" असं एक प्रमाणपत्र देणारी संस्था लिहून देते, तिची ओळख तिच्या वरची देते आणि सगळ्यात वरचीचं नाव प्रत्येक संगणकात आधीपासूनच ठेवलेलं असतं.

या साखळीची कुठलीही कडी निखळली की कुलूप लागत नाही. कधी सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो, पण मधलं दाखवायला विसरतो. म्हणजे दाखला आणला, पण वरची सही घरी राहिली. कधी नावच जुळत नाही. हे तर तुमच्या आई-बाबांना चांगलं माहीत असेल! रेशनकार्डावर 'किसन' आणि आधारवर 'किशन', की शिष्यवृत्ती अडकली. सर्व्हरचंही नाव एका अक्षरानं चुकलं तरी तो परका. आणि कधी तारीख उलटून गेलेली असते.

तारखेवरून एक मोठी गोष्ट घडली. लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक संस्था जगभर फुकट सर्टिफिकेटं देते. सुरुवातीला तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तिनं एका जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या मूळ सर्टिफिकेटची सही घेतली होती. त्या जुन्या मूळ सर्टिफिकेटची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. तोवर लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं नवं मूळ सर्टिफिकेट बहुतेक संगणकांत पोचलं होतं, त्यामुळे काही बिघडायला नको होतं. पण जुन्या संगणकांतल्या ओपनएसएसएल नावाच्या प्रोग्रॅमची एक खोड होती. त्याला नवी वाट माहीत असूनही तो जुन्याच वाटेनं जायचा आणि संपलेल्या मुदतीपाशी येऊन अडायचा. सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट ताजं, त्याच्या वरचंही ताजं, आणि तरी दार बंद! जगभर अनेक ठिकाणी लोक डोकं खाजवत बसले. उपाय काय निघाला सांगू? ते मेलेलं जुनं सर्टिफिकेट संगणकातून काढून टाकायचं. जुनी वाटच नाही म्हटल्यावर प्रोग्रॅम निमूट नव्या वाटेनं गेला.

आणि वरच्यांनीच घोटाळा केला तर? तसंही झालंय. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की आपल्या देशाच्या एनआयसी या सरकारी संस्थेकडून गूगलच्या नावाची सर्टिफिकेटं निघाली आहेत, आणि गूगलनं ती मागितलेलीच नव्हती! म्हणजे शाळेचा शिक्का भलत्याच कागदावर उमटला. देशातल्या सर्टिफिकेटांवर नजर ठेवणाऱ्या नियंत्रकांनी एका दिवसात एनआयसीची ती वरची सर्टिफिकेटं रद्द केली. शिक्का कुणाच्या हातात आहे याला किती महत्त्व आहे, बघा.

तुमच्यातला एखादा चौकस मुलगा आता विचारेल, "पण बाई, कुलूप नाही लागलं तर काय होतं?" इथे खरी मेख आहे. बहुतेक मेल सर्व्हर फार भिडस्त असतात. कुलूप लागलं तर ठीक, नाहीच लागलं तर पत्र उघडंच देऊन टाकतात. बरेच जण तर समोरच्याचं सर्टिफिकेट बघतही नाहीत. लबाडांना हे बरोबर ठाऊक असतं. ते वाटेत बसून "मला स्टार्टटीएलएस येतं" ही ओळच पुसून टाकतात. पाठवणाऱ्याला वाटतं, समोरच्याकडे कुलूप नाही, बिचारा! आणि पत्र उघडं जातं. काही वेळा हे लबाड नव्हे, तर संरक्षणासाठी बसवलेलं यंत्रच करतं. त्या ओळीच्या जागी ते नुसत्या फुल्या छापतं. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा ट्युनिशिया देशातून जीमेलकडे येणाऱ्या दर शंभर पत्रांपैकी सुमारे ९६ पत्रांचं कुलूप वाटेत असं गळून पडत होतं! म्हणून आता काही ठिकाणी कडक नियम करतात: कुलूप लागलं आणि ओळख पटली तरच पत्र द्यायचं, नाहीतर थांबायचं. २०१८ पासून मैत्रिणीचा सर्व्हरच आधी जाहीर करू शकतो की "माझ्याकडे कुलूपाशिवाय येऊ नका." आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पत्र पाठवायचं तर कुलूप हवंच, असा गूगलचा नियम आहे.

कडक नियम केला की मग ताईसारखं पत्र अडकतं. असं अडकलेलं एक पत्र मी जवळून पाहिलंय, ते सांगते.

आमच्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यातल्याही कुणाची खोली तेव्हा बंद होत असेल. माझ्या वर्गातली दोन मुलं अशीच आईबापांबरोबर निघाली. त्यातल्या एकाला सिकलसेलचा आजार आहे. त्याला पाणी भरपूर प्यावं लागतं, गारठा सोसत नाही आणि औषध चुकवून चालत नाही. स्थलांतरित मुलांसाठी काम करणारी एक संस्था आहे. तिनं त्याची माहिती तिकडच्या तळावरच्या ताईंना ई-मेलनं पाठवली. नाव, जन्मतारीख, बाबांचा फोन, आजार, औषध, सगळं. चार तासांनी कळलं, पत्र गेलंच नाही.

संस्थेचा संगणक सांभाळणारा तरुण शांतपणे बसला. मी शेजारी उभी. त्यानं आधी आलेलं इंग्रजी पत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं, उशीर झालाय, पण प्रयत्न चालू आहेत. म्हणजे पत्र मेलं नव्हतं, रांगेत उभं होतं. चांगला मेल सर्व्हर असं पत्र चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा देऊन पाहतो. मग कारण वाचलं: समोरच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. त्यानं तिकडे फोन लावला. तिकडचे म्हणाले, "छे! कालच नवं केलंय. आमची वेबसाइट उघडून बघा." उघडली. वेबसाइटवर खरंच नवं सर्टिफिकेट! आता?

मला वाटलं, आता आपल्याच संगणकाचं घड्याळ तपासणार. तपासलंही. ही सवय छान आहे. आमच्या शाळेच्या संगणकातली नाण्याएवढी बॅटरी संपली, तेव्हा लाइट गेली की त्याची तारीख थेट वीस वर्षं मागे जायची. मग त्याला आजची सगळी सर्टिफिकेटं 'अजून जन्मलेली नाहीत' असं वाटायचं! पण इथे घड्याळ बरोबर होतं.

मग त्यानं काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली आणि वेबसाइटच्या दाराऐवजी पत्रांच्या दारावर, म्हणजे त्या २५ नंबरावर, स्वतःच टकटक केली. सर्व्हरनं "२२०" म्हटलं, भाषा जुळली, किल्ली ठरली आणि सर्टिफिकेट समोर आलं. त्यावरची शेवटची तारीख तीन दिवसांपूर्वीची. सापडलं! ओसरीत नवी दिनदर्शिका लावली आणि स्वयंपाकघरात गेल्या वर्षीचीच राहिली, तसं झालं होतं. एकाच संगणकावर वेबसाइट आणि मेल दोन्ही. नवं सर्टिफिकेट वेबसाइटनं घेतलं, पण मेलच्या भागाला कुणीतरी मागे कधीतरी जुन्याची वेगळी प्रत काढून दिली होती. तो तीच धरून बसला होता.

तिकडच्या मुख्य माणसाला परत फोन लावला, तर तो बाहेरगावी. उद्या दुपारी येणार. खोलीतले एक काका म्हणाले, "अरे, मग चार मिनिटं तो कुलूपाचा नियम बंद कर. पत्र जाऊ दे. परत चालू कर." तो तरुण म्हणाला, "काका, परीक्षेचं वेळापत्रक असतं तर केलंही असतं. हे पोराच्या आजाराचं आहे."

मला त्याचं म्हणणं पटलं. आजार लपवण्यासारखा असतो म्हणून नाही. तो कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, हे त्या मुलानं आणि त्याच्या आईनं ठरवायचं, वाटेतल्या कुणी नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. तेव्हापासून इथल्या लहान पोरांचीही माहिती कागदांवरून संगणकांत आणि एका संगणकातून दुसऱ्यात फिरते आहे. ती कुलपात फिरावी, एवढं तर आपण म्हणू शकतो ना? पण मुलाला औषधही वेळेवर हवं. मग संस्थेतल्या ताईंनी त्याच्या आईला फोन केला. आईनं स्वतः तळावरच्या ताईंशी बोलून औषधाचं आणि पाण्याचं सांगितलं. बाकी सारी माहिती थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडच्या माणसानं मेलला नव्या सर्टिफिकेटचा रस्ता दाखवला आणि थोड्या वेळानं पत्र आपोआप पोचलं. कुणी पुन्हा पाठवलं नाही. रांगेत उभंच होतं ते.

अशा चुका पुढे वाढतील, असं मला वाटतं. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं पहिल्यापासून ९० दिवसांची. बाकीची त्याहून जास्त दिवस चालत, पण एप्रिल २०२५ मध्ये ठरलंय की सगळ्यांची मुदत टप्प्याटप्प्यानं कमी करत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणायची. म्हणजे दर महिन्या-सव्वा महिन्याला नवं. हातानं कोण बदलणार? ते काम यंत्रावर सोपवायचं आणि यंत्रानं ते खरंच केलं की नाही, हे माणसानं पत्रांच्या दारावर जाऊन बघायचं.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. हे कुलूप फक्त वाटेपुरतं असतं. पूर्वी रेल्वेनं जाणारी टपालाची थैली सुतळीनं बांधून लाखेनं मोहोरबंद करत, पण टपाल कचेरीत गेली की ती उघडून पत्रं निवडावी लागतच. सर्व्हरवर पोचल्यावर पत्र तिथे उघडं होतं. म्हणून आईच्या एटीएमचा पिन ई-मेलनं कुणाला पाठवायचा नाही, कुलूप असलं तरी नाही.

आता तुमच्यासाठी दोन उद्योग. दोन्ही मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करायचे.

पहिला: संगणकाच्या घड्याळात तारीख पाच वर्षं पुढे न्या आणि एखादी वेबसाइट उघडा. काय दिसतं ते वहीत लिहा. मग लगेच तारीख परत बरोबर करा, विसरू नका!

दुसरा: आई किंवा बाबांच्या जीमेलमध्ये एखादी आलेली ई-मेल संगणकावर उघडा. पाठवणाऱ्याच्या नावाखाली एक छोटा बाण असतो. त्यावर टिचकी मारली की 'सिक्युरिटी' अशी एक ओळ दिसते आणि तिच्यापुढे टीएलएस लिहिलेलं असतं. दहा पत्रं तपासा. एखाद्यावर लाल रंगाचं उघडं कुलूप दिसलं तर ते कुणाकडून आलं, शाळेकडून, बँकेकडून की दुकानदाराकडून, एवढंच मला कळवा. पत्रातला मजकूर कळवू नका. आणि हो, ताईला सांगा, तिच्या त्या इंग्रजी ई-मेलमधला तीन आकडी नंबर शोधून ठेव. चारनं सुरू होत असेल, तर तिचं पत्र एव्हाना पोचलंही असेल.